मालतीबाई आणि माऊस

मालतीबाई मुतगेकरांनी माऊस पहिल्यांदा उचलला तो वायरीला चिमटीत धरून, मेलेला उंदीर बाहेर टाकायला न्यावा तसा. टेबलाच्या मधोमध ठेवला, पदराला बोटं पुसली आणि मला विचारलं, "ह्याच्यावर अक्षरं कुठं हाईत गं?"

"ह्याच्यावर अक्षरं नसतात बाई. ह्यानं नुसतं दाखवायचं आणि टिचकी मारायची."

"दाखवायचं?" बाई म्हणाल्या. "मी जन्मभर पोरीस्नी बोट दाखवू नका म्हणून शिकवलं."

बेळगावात शहापूर संपून वडगाव सुरू होतं तिथल्या एका गल्लीत मी वाढले. घरोघरी साड्यांचे माग, त्यामुळे दिवसभर कानात एकच खटखट. त्या खटखटीतून वेगळी उठून यायची ती बाईंच्या टायपिंग क्लासची टकटक आणि ओळ संपली की वाजणारी घंटी. माडीवर एक लांबट खोली होती. भिंतीकडेनं मांडलेली मशिनं, काही इंग्रजी, काही मराठी, काही कानडी, आणि टोकाला सगळ्यांकडं पाठ करून बसलेल्या बाई. पाठ करून, कारण त्या बघत नसत, ऐकत. आवाजावरनं त्यांना सगळं कळायचं. मध्येच मान न वळवता म्हणायच्या, "कोण गं ती, करंगळीचं काम दुसऱ्या बोटाला सांगालीस?" आणि ती पोरगी खरंच करंगळी दुमडून बसलेली असायची.

कीबोर्डच्या मधल्या ओळीला बाई 'घर' म्हणायच्या. "डोळं कागदावर, बोटं घरात" हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकलं की अजून माझ्या बोटांना ते पाठ आहे. अक्षरांकडं बघू नये म्हणून मशिनवर कापडी झालर टाकलेली असायची. पानात एक अक्षर चुकलं की सगळं पान पुन्हा. शेवटच्या ओळीत चुकलं तरी पुन्हा. कोणी डोळ्यांत पाणी आणलं तर बाई शांतपणे सांगायच्या, "खाली जाऊन रड बाळ. कागद भिजतोय." बिनचूक पान दिलं तर मात्र कनवटीच्या डबीतून एक लवंग काढून हातावर ठेवायच्या. बक्षीस तेवढंच. त्या लवंगेसाठी आम्ही जीव टाकायचो.

त्यांची बोटं कधी गप्प नसत. समोरचा बोलत असला की ते सगळं त्या मांडीवर टाइप करत. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि भटजी मंगलाष्टकं म्हणत असताना बाईंची बोटं गुडघ्यावर पळत होती. भटजी एका जागी अडखळले, तशी बाईंची बोटंही थांबली. पुढं त्यांनी मला सांगितलं, "चांगला वेग हाय त्येंचा. पण श्वास सांभाळत न्हाईत."

मग टायपिंगचे दिवस सरले. क्लासला येणाऱ्या मुली कमी होत गेल्या आणि बाई एकेका मशिनवर चादर टाकत गेल्या. बाईंनी लग्न केलं नव्हतं. घर भावाचं. भाऊ गेल्यावर ते त्याच्या मुलाकडं, अरुणकडं आलं. अरुणचा साड्यांचा व्यापार, खाली दुकान. माणूस वाईट नाही, आत्याला मान देणारा. पण त्याला माल ठेवायला जागा पुरत नव्हती आणि वर रिकामी मशिनं बसलेली. एक दिवस तो बाईंना म्हणाला, "आत्या, जूनपर्यंत क्लास पुन्हा सुरू झाला तर बोलायचं कामच न्हाय. न्हायतर ती खोली मला गोडाऊनला दे."

बाई "बरं" म्हणाल्या. त्या रविवारी छत्री घेऊन आमच्या दारात उभ्या. छत्री त्यांच्या हातात बारमाही असायची. मी तेव्हा निपाणीला एका शाळेत कॉम्प्युटर शिकवत होते आणि सुट्टीला घरी यायचे.

"शैला," त्या उंबऱ्यावरनंच म्हणाल्या, "तू आता मास्तरीण झालीस. मला शिकवाय येशील काय?"

आई आतून पाणी घेऊन आली तर बाईंनी तांब्या बाजूला ठेवला. "आधी हिला व्हय म्हणू दे. आणि एक सांगून ठेवते. चुकले की बोलायचं. मी तुला कधी सोडलं न्हाय, तू मला सोडू नको."

त्यांना बोलणं मला काही जमलं नाही. पण बोलायची वेळही फारशी आली नाही, कारण बाई स्वतःच स्वतःला बोलत.

अरुणनं दुकानातला एक जुना कॉम्प्युटर वर आणून दिला होता. पडद्यावर निळं आभाळ, त्यावर छोटी छोटी चित्रं. माऊस हलला की पडद्यावरचा बाण हलतो हे बाईंना चटकन कळलं, पण त्यांचा हात टेबलाच्या कडेला पोचला तरी बाण अर्ध्या वाटेतच असायचा. मग त्या खुर्ची सरकवायच्या. एकदा माऊस टेबलावरून खाली उतरून मांडीवर आला आणि तिथनं त्या त्याला गुडघ्याकडं न्यायला लागल्या.

"बाई, उचला आणि परत मधे ठेवा," मी सांगितलं.

"उचलला तर बाण पडंल की."

"नाही पडत. जिथं आहे तिथंच थांबतो."

बाईंनी श्वास रोखून माऊस उचलला. बाण तिथंच. पुन्हा ठेवला, पुढं सरकवला, बाण पुढं गेला. त्यांनी तसंच पुन्हा केलं. मग कितीतरी वेळ त्या माऊस उचलत होत्या आणि ठेवत होत्या आणि लहान पोरीसारख्या हसत होत्या. "म्हणजे टाइपरायटरचा गाडा मागं ओढतो तसंच हाय हे," त्या म्हणाल्या. "ओळ संपली, गाडा मागं."

दोनदा टिचकी मारणं मात्र त्यांना छळत होतं. टायपिस्टची बोटं. ठोका इतका जोरात पडायचा की माऊस जागचा हलायचा आणि उघडायचं चित्र उघडण्याऐवजी घसरत बाजूला जायचं. काही वेळा पहिल्या आणि दुसऱ्या टिचकीमध्ये बाई सवयीनं श्वास घ्यायच्या, आणि तेवढ्यात कॉम्प्युटरला वाटायचं, हिला काही उघडायचं नाही.

"ह्या दोन टिचक्या वेगळ्या नाहीत बाई. एकच शब्द आहे."

त्या थांबल्या. हात हलका केला. टक-टक. फोल्डर उघडला, पडद्यावर पांढरी खिडकी पसरली. बाईंनी माझ्याकडं न बघता डबी काढली, एक लवंग स्वतःच्या तोंडात टाकली.

पण मला आठवते ती त्यानंतरच्या रविवारची दुपार. बाई मजकूर लिहायला बसल्या होत्या. कीबोर्ड आला की त्या मोकळ्या व्हायच्या, बोटं घरात आणि नजर समोर. त्यांनी भराभर अर्धं पान लिहिलं आणि एक अक्षर चुकलं. बाई एकदम थांबल्या. हात आपोआप वर गेला, कागद ओढून काढायला. तिथं कागद नव्हता.

मी वाकून दोन बटणं दाबली. चुकलेलं अक्षर नाहीसं झालं.

"काय केलंस?"

"मागं घेतलं. जे केलं ते परत मागं घेता येतं." मी अजून दोन-चारदा तीच बटणं दाबली आणि शब्द एकेक करून उलटे निघून गेले. मग दुसरी बटणं दाबून परत आणले.

बाई पडद्याकडं बघत राहिल्या. खाली कुणाच्या तरी मागाचा धोटा इकडून तिकडं पळत होता, तेवढाच आवाज. मला वाटलं, त्या सगळ्या पानांची त्यांना आठवण झाली असेल, आम्हा पोरींची, पुन्हा पुन्हा टाइप केलेल्या पानांची. शेवटी त्या म्हणाल्या, "तुमच्या वेळंला हे असतं तर मी तुमास्नी शिकवलं काय असतं गं?" आणि मग त्या हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी मुद्दाम एक चूक केली, मागं घेतली. दुसरी केली, मागं घेतली. एक पूर्ण ओळ वाकडीतिकडी मारून ठेवली, नुसती नासाडी, आणि सगळी मागं घेतली. आयुष्यात पहिल्यांदाच त्या चुका करत होत्या आणि त्या करून त्यांचं पोट भरत नव्हतं. त्या दिवशी मी निपाणीच्या बसला उशिरा पोचले.

एप्रिलमध्ये बाईंनी गल्लीत सांगितलं की रविवारी संध्याकाळी क्लास बघायला या, मुलींना घेऊन या, स्वतःही या. अरुणनं घरातला मोठा टीव्ही वर आणून कॉम्प्युटरला जोडून दिला. खोली भरली. मुली होत्या, त्यांच्या आया होत्या, माग बंद करून आलेल्या बाया जमिनीवर बसल्या होत्या. त्यांत गंगव्वा होती, हातमागावर साडी विणणारी, कानडी बोलणारी, पन्नाशीची बाई. अरुण दाराला टेकून उभा होता. मला बाईंनी मागच्या भिंतीशी बसवलं. "तू पुढं येऊ नको. तू दिसलीस की मला विचारावं वाटतंय."

त्यांनी माऊस धरला, बाण हलवला. सगळ्यांच्या माना टीव्हीवरच्या बाणाबरोबर हलल्या. पहिल्या चित्रावर बाण गेला आणि तिथंच अडकला. बाईंनी माऊस उचलला, ठेवला. त्याच्या पोटातला लाल दिवा विझला होता. वायर काढून घातली. काही नाही.

मी उठायला लागले. बाईंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"आत्या, राहू दे," अरुण मऊपणानं म्हणाला. "दुसरा माऊस आणतो, पुढच्या रविवारी बोलवूया."

बाईंनी माऊस बाजूला सारला. कीबोर्ड पुढं ओढला. पाठ सरळ केली, आणि मी लहानपणापासून बघितलं होतं तसं दोन्ही हातांची बोटं मधल्या ओळीवर ठेवली.

पुढचं मी श्वास रोखून बघितलं. हे मी त्यांना शिकवलं नव्हतं. आठवडाभर मी निपाणीला असताना त्या एकट्या बसून कीबोर्डचं एकेक बटण दाबून बघत होत्या, हे मला नंतर कळलं. माऊसवर राग होता म्हणून. खिडकीचं चित्र असलेलं बटण दाबलं, यादी उघडली. दोन अक्षरं लिहिली, हवा तो प्रोग्राम वर आला. एक खिडकी उघडली, तिच्यावर दुसरी. दोन बटणं धरून या खिडकीतनं त्या खिडकीत गेल्या, बाणाच्या बटणांनी फोल्डर धुंडाळला, फोटो उघडला, मोठा केला, बंद केला. टकटक टकटक, एकाही ठोक्यात अडखळ नाही. गल्लीतल्या बाया टीव्हीवर खिडक्या उघडताना आणि मिटताना बघत होत्या आणि कुणी खोकतसुद्धा नव्हतं.

शेवटी त्यांनी कोरं पान उघडलं, अक्षरं मोठी केली आणि समोर बसलेल्या बायांची नावं लिहायला सुरुवात केली. मान वर, नजर बायांवर, बोटं खाली. शांता. पार्वती. रेणुका. जिचं नाव यायचं ती लाजून पदर तोंडाला लावायची. गंगव्वावर नजर गेली तशी बाईंनी एक बटण दाबून भाषा बदलली आणि तिचं नाव कानडीत लिहिलं.

गंगव्वाला कुठलीच लिपी येत नव्हती. तिनं शेजारणीला कोपरानं ढोसलं. "काय लिवलंय?"

"तू हाईस ती."

गंगव्वा उठली, टीव्हीजवळ गेली आणि काचेवरच्या आपल्या नावाला हात लावून बघितलं. मग आपली बोटं बघितली, जणू रंग लागला असेल.

अरुण दाराशी नव्हता. मी जिन्यात गेले तर तो खाली उतरत होता. "गोडाऊनचं मी दुसरीकडं बघतो," मला म्हणाला. "आत्याला आत्ताच सांगू नको, लई चढंल."

मी सांगितलं. बाई म्हणाल्या, "मला ठाऊक होतं. तो दाराला टेकलेला, तो सरळ झाला तेव्हाच."

जूनमध्ये क्लास भरला. त्याआधीच एका दुपारी गंगव्वा माडीवर आली होती. बाईंना ती 'अक्कोर' म्हणायची, कानडी शाळांतून शिकवणाऱ्या बाईला म्हणतात तसं. "अक्कोर, मला बी शिकवा."

"तुला काय कराय पायजे?"

"अरुणअण्णा दुकानात किनारीची डिझाइनं कॉम्प्युटरवर दाखवतोय. तो सरकवतोय तेवढंच दिसतंय. मला थांबून बघायचंय. मोठं करून. धागा कुठनं वळलाय ते."

बाई मला फोनवर सांगत होत्या, "शैला, आता काय करू? जिला अक्षर येत न्हाय तिला माझा कीबोर्ड काय कामाचा?" आणि माझं उत्तर यायच्या आधीच त्यांनी स्वतः दिलं. "त्यो उंदीरच पायजे तिला. म्हणजे मलाच आधी नीट शिकाय पायजे."

अरुणनं नवा माऊस आणून दिला होता, पण तोवर बाई तो वापरायच्या नाइलाज म्हणून. आता त्या त्याच्या मागं लागल्या. रोज सकाळी पडद्यावरची चित्रं ओढून गोल मांडायची, चौकोनात मांडायची, पुन्हा ओळीत लावायची. खिडकीची कड धरून ती लहान-मोठी करायची. उजव्या बटणाखाली काय दडलंय ते उलगडायचं. मी रविवारी गेले की त्या मला नवीन काहीतरी दाखवायच्या आणि मला ते माहीत असलं तर थोड्या हिरमुसायच्या. म्हणून मी बऱ्याचदा माहीत नसल्यासारखं करायचे.

गंगव्वासाठी त्यांनी अरुणची डिझाइनं वरच्या कॉम्प्युटरवर घेतली आणि एक युक्ती काढली. फोल्डरांची नावं तिला वाचता यायची नाहीत, म्हणून प्रत्येक फोल्डरवर एक चित्र बसवलं. किनारींच्या फोल्डरवर पोपट, पदरांच्या फोल्डरवर आंबा. तिनं निवडलेलं ठेवायच्या फोल्डरवर टोपली. गंगव्वा माऊसला कधी घाबरली नाही. धोटा फेकणारा हात, तिला हलकं धरणं शिकवावं लागलं नाही. फक्त ती बाणाशी बोलायची. "बा, बा," म्हणजे ये, ये, असं म्हणत त्याला पोपटापर्यंत न्यायची.

एक दिवस मधल्या सुट्टीत निपाणीला माझा फोन वाजला. बाई धापा टाकत होत्या, जिना चढून आल्यासारख्या.

"शैला, ओढलं गं तिनं."

"काय ओढलं?"

"डिझाइन. बटण दाबून धरलं, सोडलं न्हाय, आणि बरोबर टोपलीत नेऊन टाकलं. मी हात लावला न्हाय. शपथ. मी खुर्चीवर हात ठेवून बसलते." मग मागं वळून त्या कानडीत काहीतरी म्हणाल्या आणि मला फोनमध्ये गंगव्वाचं हसू ऐकू आलं. "आता ती परत काढून बघालीय. टोपलीतनं बाहेर, टोपलीत आत. तिला सोडवत न्हाय."

स्टाफरूममध्ये मी एकटीच उभी राहून हसत होते. बाजूच्या सरांनी विचारलं काय झालं, तर मी सांगितलं, "गंगव्वानं डिझाइन टोपलीत टाकलं."

पुढं गंगव्वा खरंच अरुणच्या दुकानात गेली. माऊस मागितला. अरुणनं आपली खुर्ची तिला दिली. तिथल्या फोल्डरांवरही बाईंनी तीच चित्रं बसवून ठेवली होती. तिनं पोपट उघडला, एक किनार मोठी केली, इतकी मोठी की पडदाभर नुसते चौकोन झाले, आणि तिथं हनुवटीवर बोट ठेवून ती बसून राहिली. गिऱ्हाईक आलं, गेलं. मग ती म्हणाली, "ही मी विणते." बाईंनी ही हकिकत मला इतक्या वेळा सांगितली की शेवटी शेवटी त्यांची बोटंच ती मांडीवर सांगायची.

क्लास चालला. अजून चालतो. आता तो गंगव्वाच्या गल्लीतलीच एक मुलगी बघते, बाईंच्या हाताखाली तयार झालेली. बाई सत्तरीच्या पुढं गेल्या. डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी पडद्यासमोर जास्त बसू नका म्हणून सांगितलं. बाईंनी त्यावर त्यांना विचारलं, "जास्त म्हणजे किती?" मग घरी येऊन बाण मोठा केला. सेटिंगमध्ये जाऊन त्यांनी तो स्वतःच केला, जितका होतो तितका मोठा, काळाकुट्ट. आता तो पडद्यावर कावळ्यासारखा फिरतो.

मागच्या सुट्टीत मी त्यांना भेटायला गेले. आधी कळवलं नव्हतं. क्लास संपला होता, खोलीत बाई एकट्याच कॉम्प्युटरपुढं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, जिभेचं टोक ओठांत धरलेलं. टायपिंगचा आवाज नव्हता. मी दाराशीच थांबले.

पडद्यावर चित्र काढायचा प्रोग्राम उघडलेला होता. बाईंनी उभ्या जन्मात कधी चित्र काढलं नव्हतं, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. माऊस धरून त्या एक जाड वाकडी रेघ ओढत होत्या. रेघेचं एक भांडं झालं होतं आणि भांड्याला दोन कान. खिडकीत, उन्हाच्या पट्ट्यात, गल्लीतली पिवळी मांजर बसली होती आणि बाई एकदा तिच्याकडं, एकदा पडद्याकडं बघत होत्या.

मांजरीनं अंग ताणलं आणि उठली.

"बस गं," बाई माऊस न सोडता म्हणाल्या. "हलू नको. अजून शेपूट काढायचंय."